मिस्त्रीचं मशीन कोनं जाळलं

गोदाबाईच्या घराचा दरोजा चौकटीसकट काढून आम्ही अंगणात आडवा टाकला, अन् त्याच वेळी नासिर मिस्त्रीचं बॅटरीचं ड्रिल मशीन चालेनासं झालं.

दर्यापूरच्या या अंगाला सारी काळी माती. कपाशीले माय, घराले सासू. पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोंबडीचं पिल्लू गडप होईन. तिच्यासंगं घरंही हलतात. भिंती चिरतात, चौकटी तिरप्या होतात, दरोजे अडकतात. आमचं दोघांचं पोट त्याच्यावरच. मी देवीदास, गवंडी. भिंत माझी, लाकूड नासिरचं.

गोदाबाई एकटी म्हातारी. तिचा दरोजा खालून घासता घासता या उन्हाळ्यात लागेचना. पाऊस यायच्या आत बसवून देऊ, असं आम्ही तिला कबूल केलं होतं. आता घराला भोक पडलं होतं अन् नासिर मशीन कानाशी धरून बटण दाबत होता. आतून नुसतं घर्र घर्र. मग जळका वास आला. भोक पाडायचा बिट धरणारा चक बोटांनी हलवला तर म्हाताऱ्याच्या दातासारखा डुलला.

"बॅटरी गेली असन," मी म्हटलं.

त्यानं दुसरी बॅटरी लावली. तेच. मशीन उलटं करून त्यानं फुंकर मारली, तर सिमेंटची पांढरी भुकटी बाहेर आली.

"हे मशीन लाकडाचं हाये, देवीदास. याच्यात सिमेंट कुठून आलं?"

परवा ते मशीन कोणी नेलं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

मोतीराम नासिरच्या घराला भिंत लावून राहतो. दोघं एका पाटीवर शिकले, एका विहिरीत पोहले. त्याची पोरगी आचल, तिला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून तो नवीन खोलीत पंखा लावत होता. हूकसाठी छताला भोक पाडायचं म्हणून मशीन मागून नेलं. काल सकाळी पिशवी नासिरच्या खुंटीला लटकलेली होती. ना हाक, ना राम राम.

नासिर सरळ त्याच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग.

"मोतीराम, तू याच्यानं स्लॅब फोडला?"

"फोडला कुठी? एक भोक पाडलं."

"मी तुले सांगतलं होतं, स्लॅबले लावू नको म्हनून."

"लोखंडच लागलं मधात. जरा जोर लावला. बंद पडलं तं मले वाटलं, गरम झालं असन, थंडं होईन."

"धूर निंघाला का नाही?"

मोतीराम दुसरीकडे पाहू लागला. "जुनंच तं होतं बाप्पा. मरत्याले निमित्त."

"जुनं होतं, जितं होतं." नासिरचा आवाज चढला. "अन् तू ते गुपचूप खुंटीले टांगून गेला. म्हतारीचा दरोजा काढून बसलो मी तठी. सांगतलं असतं तं काढला असता का?"

"आता एका मशीनसाठी तू माह्या दारात तमाशा करून राह्यला का? भरून देतो तुले. नवं आनून देतो, जा."

"मी भरून माग्याले नाही आलो. तू म्हन, माह्यानं जळलं. बस."

मोतीरामनं ते म्हटलं नाही. आत निघून गेला अन् दार लोटून घेतलं.

रात्री गोदाबाईच्या चौकटीच्या जागी मी ताडपत्री बांधली. ती म्हणाली, "चोराची भीती नाही बाबू, चोर अठी काय नेते. कुत्रं मात्र भाकर नेते."

दुसऱ्या दिवशी मोतीरामनं दर्यापूरच्या बाजारातून डबा आणला. पिवळा धमक. झाकण उघडलं की लहानमोठे बिट, पाने, टेप, सगळं रांगेनं मांडलेलं. मशीनवर आकडे एवढे मोठे की वाटावं, याच्यावर ट्यूबवेल चालेल. ते त्यानं आचलच्या हातून पाठवलं. स्वतः आला नाही.

नासिरनं ते गोदाबाईच्या दारात नेलं, कारण म्हातारी बिनदाराची होती. सागवानात पहिला स्क्रू अर्धा गेला अन् मशीन थांबलं. बटण सोडून पुन्हा दाबलं, तर स्क्रूची टोपी घासून गुळगुळीत झाली. आता तो आतही जाईना, बाहेरही येईना. पकडीनं पिळून काढता काढता नासिरचा अंगठा सोलला.

मला वाटलं, आता हा डबा विहिरीत जातो. पण त्यानं एकेक बिट जागच्या जागी लावला, डबा बंद केला अन् मोतीरामच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तिथं चार लोक बसले होते.

"हे खेळनं तुह्या घरी ठेव," तो म्हणाला. "आचलच्या पोरासोराले कामी येईन."

"आनलं तेई पटत नाही का?" मोतीराम उठून उभा राहिला. "मंग बस तसाच. तुह्या-माह्या बोलन्याचं काम नाही आजपासून."

"नाहीच," नासिर म्हणाला.

घरी आला तर त्याची बायको आयशाबी तयारच होती. ती शिवणकाम करते अन् बोलते तेही कात्रीसारखं. "मशीन चालत होतं तं साऱ्या गावाचं होतं," ती म्हणाली. "मेलं तं आपल्या एकट्याचं झालं. मोतीरामभाऊचं नाव कायले घेता? आजवर कोनाले नाही म्हटलं तुमी?"

"उद्या अमरावतीले जातो. नवं आनतो."

"मी येतो संगं. माह्या शिलाईचे पैसे लागून राह्यले त्याच्यात."

तिनं पिशवीत सागवानाचा एक तुकडा टाकला. नासिर म्हणाला, तो कशाले? ती म्हणाली, गंज-भगुनं घेतानाही आपण वाजवून पाहतो.

आम्ही तिघं अमरावतीला गेलो. राजापेठेतलं पहिलं दुकान मोठं, काचेचं, गार हवेचं. पोरगा टाय लावलेला. नासिरनं जुन्या मशीनच्या दोन्ही बॅटऱ्या टेबलावर ठेवल्या. त्या अजून ठणठणीत होत्या.

"या लागणार नाहीत, काका. कंपनीनं खाच बदलली. आता बॅटरी, चार्जर सगळं नवीन घ्यावं लागेल."

"बॅटऱ्या चांगल्या हाये."

"हो, पण नवीन मॉडेलला बसत नाहीत."

"बैल मेला तं जू अन् बंडीबी जाळावं लागते का मंग?"

पोरगा हसला. नासिर हसला नाही. त्यानं सागवानाचा तुकडा काढला. "यात एक स्क्रू मारून पायतो."

"सील तोडता येत नाही. तोडलं की तुम्हाला घ्यावंच लागेल."

"बिघडलं तं?"

"नागपूरला जाईल. तिथून आलं की फोन करू."

"अन् तवपर्यंत म्या दातानं भोकं पाडाचे?" नासिरनं बॅटऱ्या उचलल्या. आयशाबी त्याच्या आधीच दारात पोहोचली होती.

मागच्या गल्लीत शाकीब म्हणून एकाचं दुरुस्तीचं दुकान होतं. तीन मशीनं पोट फाडून पडलेली अन् तो चौथ्यात वाकलेला. नवीही विकायचा, दोन-तीन जातीची. त्यानं आमचं जळकं मशीन सोलून पाहिलं, मोटारची काळी तार दाखवली अन् म्हणाला, "इसकू कोई दोस्तनेच मारा होगा. दुश्मन के हात में मशीन कौन देता."

नासिरनं पहिल्यांदा मान हलवली.

शाकीबनं दोन मशीनं काढली. एक मोठं, ठोका मारणारं. ते विटेतही जायचं, सिमेंटातही. दुसरं लहान, फक्त लाकडाचं, पत्र्याचं अन् स्क्रूचं. माझी नजर मोठ्यावर बसली.

"हेच घे गा," मी म्हटलं. "भिंतीचे भोकंबी होतील. मलेबी कामी येईन."

नासिर माझ्याकडे वळला. "तुले येईन, मोतीरामले येईन, सरपंचाच्या साळ्याले येईन. अन् उचलाचं कोनं?"

आयशाबी म्हणाली, "उचलून तं पाहा."

त्यानं मोठं मशीन डोक्याच्या वर धरलं, दरोज्याचा वरचा कब्जा, म्हणजे बिजागर, लावतो तसं. काही वेळ हात ठीक राहिला. मग खांदा कापायला लागला. मागे एकदा तो परांचीवरून पडला होता, तोच खांदा. त्यानं मशीन हळू खाली ठेवलं अन् लहान उचललं. सागवानात स्क्रू मारला, उलटा फिरवून काढला, दुसऱ्या बाजूनं पुन्हा मारला. आवाज एकसारखा. लाकूड चिरलं नाही.

"याच्यानं स्लॅब होत नाही," शाकीब म्हणाला. "आधीच सांगून राह्यलो."

"नाहीच पायजे," आयशाबी म्हणाली. "बिघडलं तं?"

"घेऊन या. इथंच खोलतो, तुमच्यासमोर."

ते घेतलं. दुसऱ्या दिवशी गोदाबाईचा दरोजा बसला. म्हातारीनं तो किती वेळा उघडला अन् लावला, कोण मोजतं. पण गावात बातमी आमच्या आधी पोहोचली होती. संध्याकाळपर्यंत दोघं तिघं मशीन मागायला आले. नासिर प्रत्येकाला एकच सांगे, मशीन मिळत नाही, मिस्त्री मिळते. लोक वाकडं तोंड करून गेले. म्हणाले, नासिर बदलला. एक तर तोंडावर म्हणाला की नव्या मशीनची मस्ती चढली. नासिर उठून त्याच्या अंगावर जात होता, मी धरला.

चार-सहा दिवसांनी सांजीले मोतीराम आला. मी नासिरच्या ओट्यावरच होतो. तो खाली उभा राहिला, वर चढला नाही.

आयशाबी बाहेर आली. "काय पायजे भाऊ?"

"नव्या खोलीचा दरोजा अडकून राह्यला. जमीन फाटली, चौकट सरकली. उद्या पाव्हने येतेत आचलले पाह्याले."

"मशीन पायजे का मिस्त्री?"

मोतीरामनं मान खाली घातली. "मिस्त्री."

"मिस्त्री बसला हाये पाहा. त्याले सांगा."

नासिर बिडी ओढत आभाळाकडे पाहत होता. आत कुठं तरी गंज पडल्याचा आवाज झाला. मोतीरामनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"माह्यानं जळलं," तो म्हणाला. "धूर पाह्यला म्या. भेवानं पिशवीत घातलं. तू रागवशीन म्हनून नाही सांगतलं."

"अन् नाही सांगतलं तं म्या नाही रागवलो का?"

"दिसून राह्यलं."

नासिरनं बिडी विझवली, आतून पिशवी आणली अन् काही न बोलता चालायला लागला. आम्ही मागोमाग. कंदील लागेल असा अंधार झाला होता, लाईन गेली होती. आचलनं मोबाईलची बत्ती धरली. नासिरनं कब्जे सोडले, दरोजा खालून रंध्यानं तासला, मी चौकटीमागच्या फटीत लाकडाच्या चिपा ठोकल्या. बसवायच्या वेळी दरोजा उचलायला मोतीराम पुढं झाला.

"लय शांत चालते हे," तो मशीनकडं पाहून म्हणाला.

"बोलू नको. वजन घे."

मोतीरामनं वजन घेतलं. नासिरनं वरचा कब्जा लावला, मग खालचा. दरोजा बोटानं ढकलला तसा लागला. आचलची माय बशीत कप ठेवून उभी होती. नासिरनं कपाकडं पाहिलंही नाही. पिशवी खांद्याला लावून तो घरी आला.

आयशाबीनं विचारलं, "लागला दरोजा?"

"लागला."

"चहा पेला का त्यायच्या घरी?"

"नाही."

"काहून?"

"आज राग हाये," नासिर म्हणाला अन् बॅटरी चार्जिंगला लावून लाईन यायची वाट पाहत बसला. "उद्या पाव्हन्यायसंगं पेईन."