माजरीतलं फ्रेंच नाटक

१९८६ साली माजरीच्या खाण कॉलनीत आम्ही एक जुनं फ्रेंच नाटक बसवलं. मी तिथे हेडक्लार्क, आणि मुख्य भूमिका माझीच. मराठी रूप चंद्रपूरच्या एका कॉलेजातले गुणवंतराव यांचं. तालमीत ते सांगत, "तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये पैसा आलेल्या दुकानदारांची, वकिलांची अशी टर उडवायचे. तेच लोक तिकीट काढून पुढं बसत आणि पोट धरून हसत. प्रत्येकाला वाटे, हे शेजाऱ्याचं चाललंय." आम्हीही हसलो.

मी झालो होतो कापडाचा व्यापारी. बडे पाहुणे आले की हा गृहस्थ आपल्या अडाणी बापाला माळी म्हणून बागेत उभा करतो.

आता खरं सांगतो. वडील गेल्यावर माझी माय, बायनाबाई, जिवतीकडच्या खेड्यातलं घर मोडून माझ्याकडे कायमची आली. त्याच दिवशी ती अंगणात भांडी घासायला बसली आणि मॅनेजरसाहेबांच्या बाई दारात आल्या. "नवी बाई मिळाली वाटतं?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. लाज वाटली, दुसरं काही नाही. तिच्या गोंदणाची, लुगड्याची, बोलण्याची. नळ चालू होता, मायनं ऐकलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार महिने कॉलनीच्या लेखी ती माझी मोलकरीण राहिली. नाटक संपलं की तिला मंचावर बोलावून सगळ्यांना खरं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

प्रयोग संध्याकाळी सहाला होता. आमच्या झाडीपट्टीत काम आवडलं की प्रेक्षक मध्येच बक्षीस देतो. नाटक थांबतं आणि देणाऱ्याचं नाव, नातं माइकवरून पुकारतात. नाटक फ्रेंच असलं म्हणून हा रिवाज चुकत नाही. मी नाटकातल्या बापाच्या हाती फावडं देऊन त्याला बागेत हाकललं. मंडप हसून लोळला. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून माय उठली आणि माइकवाल्या डोमाच्या कानात काही बोलली.

"शेटजीच्या कामावर खुश होऊन दोन रुपये," डोमानं पुकारलं. "देणार बायनाबाई. त्यांच्याच घरी भांडे घासणारी बाई!"

टाळ्या पडल्या. "किती माया लावते हो," मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

ही माझी माय आहे, एवढंच बोलायचं होतं. माइक दोन हातांवर होता. मी हात जोडले, "धन्यवाद, बाई" म्हणालो आणि पुढचं वाक्य घेतलं.

घरी आलो तर माय गाठोडं बांधत होती. मी पाय धरले.

"तुले कधीपासून माहीत होतं, माय?"

"पयल्या दिवसापासून. तू सांगशीन म्हणून वाट पाहून राह्यली होती. आज तं तुले बोलाले जागाबी करून देली, बापू."

"आता कुठी जाशीन?"

"कुठीबी भांडे घासीन. तिथी मले मोलकरीण म्हणतीन, ते खरं तरी राहीन."

सकाळच्या गाडीनं ती गेली. मी तिला थांब म्हणालो, नाही असं नाही. पण शेजारी ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणालो.