सासऱ्यांच्या वाटणीचा टोमॅटो

मी एक जुना तुंबा आहे. मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यात, फिदेन्सियाबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर टांगलेला. मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. वाऱ्याची झुळूक आली की मी हलतो आणि पोटातलं बी खुळखुळतं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे मला विचारा!

मी याच घराच्या कुंपणावर वेलीला धरलो. फिदेन्सियाबाईंचे यजमान आबुंदियो यांनी मला वाळवलं, आतला गर कोरून काढला आणि तोंडाला दाणे काढलेल्या कणसाचं बूच ठोकलं. तेव्हापासून घरच्या टोमॅटोचं बी माझ्या पोटात राहू लागलं. तो टोमॅटो लालबुंद, ओंजळ भरेल एवढा, घागऱ्यासारखा चुण्याचुण्यांचा. नोव्हेंबरात पितरं घरी येतात. त्यांच्यासाठी झेंडूनं सजवलेल्या ओट्यावर हंगामातला सगळ्यात मोठा टोमॅटो ठेवायचा. पितरं वास घेऊन परतली की त्याचंच बी काढायचं, राखेत वाळवायचं आणि मला द्यायचं, अशी घरची रीत. "तुंबा भरला, आता काळजी नाही," असं आबुंदियो मला थोपटून म्हणत. मग तेही पितरांत गेले.

पुढे सून ओटिलिया घरात आली. कामाला वाघीण, पण तिला आमचा टोमॅटो आवडेना.

"आई, पावसाची एक सर आली की फाटतात तुमचे टोमॅटो! दुकानातला वाण बघा, कसा मोठा, गुळगुळीत!"

"दिसतं तसं नसतं गं बाई," फिदेन्सियाबाई म्हणाल्या. पण परसात उन्हाची जागा एकच, आणि कुदळ सुनेच्या हातात.

दुकानातला वाण लागला. खोटं कशाला बोलू, फळं देखणी होती. सगळ्या गल्लीनं कौतुक केलं. मी मात्र खुंटीवर तळमळत राहिलो. टोमॅटोचं बी काही अमर नसतं. एकेक पावसाळा जात होता आणि माझ्या पोटात ते मरत होतं. मला ओरडता येत नव्हतं. खुळखुळलो तर ओटिलिया म्हणे, "उंदीर आला वाटतं."

एका वर्षी तिनं दुकानातून बी आणलंच नाही. घरच्या रीतीनं त्या देखण्या फळाचंच बी धरून पेरलं. आलं काय? एक फळ लांबट, एक सुपारीएवढं, एक पिवळट. एका आईची लेकरं वाटेनात. दुकानातला वाण संकरित, त्याचं बी आईवर जात नाही. ओट्यावर ठेवावं असं एकही नव्हतं.

"आता मामंजींपुढं काय ठेवू?" ओटिलिया रडकुंडीला आली.

"कांदा ठेव," सासूबाई म्हणाल्या. "तोही गुळगुळीत असतो."

पुढच्या पेरणीला ओटिलियानं स्वतः मला खाली उतरवलं आणि होतं नव्हतं ते बी वाफ्यात ओतलं. मी रिकामा झालो, पण बी उगवेना. ती रोज वाफ्याशी वाकून बघे आणि मान हलवत आत येई. शेवटी एकच कोंब वर आला. एकाच्या जिवावर सगळा वंश!

त्याला एकच मोठं फळ धरलं. ते लाल होऊ लागलं आणि नेमकं आभाळ भरून आलं. दारातून मला सगळं दिसत होतं. फाटणाऱ्या टोमॅटोला नावं ठेवणारी ओटिलिया त्याच्यावर स्वतःची शाल धरून भिजत उभी होती.

शेजारीण ब्रिहिदा कुंपणावरून हसली. "अगं, एवढी कसली माया? तोडून दे मला, चटणीला होईल."

"हात लावू नकोस त्याला," ओटिलिया म्हणाली. "तो मामंजींच्या वाटणीचा आहे."

मित्रांनो, परसात लावायला मोठा, लाल, पण बी धरता येईल असा वाण जरूर निवडा. पण त्याचं सगळ्यात सुंदर फळ खाऊन टाकू नका. ते पुढच्या पावसाळ्याचं असतं.

आज माझ्या पोटात पुन्हा, त्याच टोमॅटोचं, बी आहे आणि मी पुन्हा अस्वस्थ आहे. मला जपून ठेवू नका. मला वेळेवर रिकामं करा.