खिडकीजवळच्या आजोबांची लेक

वर्ष संपायला आलं की आम्हा लिहिणाऱ्यांच्या अंगात चांगुलपणा संचारतो. एरवी वर्षभर आम्ही पात्रांना तापाने फणफणवतो, त्यांचे संसार मोडतो, जमलं तर एखाद्याला पुलावरून ढकलूनही देतो. पण सुट्टीच्या अंकासाठी लिहायला बसलो की सगळे आपापल्या घरी जातात, कुणीतरी कुणावर तरी शाल पांघरतं, रुसलेला भाऊ दारात येऊन उभा राहतो. "बाई, सुट्टीत लोकांना रडायला आवडतं, पण बरं वाटून रडायला," हे आमचे संपादक मला दरवर्षी न चुकता ऐकवतात. मी कुरकुर करते आणि लिहून देते. पंचवीस वर्षं लिहून देते आहे. या प्रकारात माझा हात धरणारं कोणी नाही, आणि जे झालं ते त्यामुळेच झालं.

आमचं चौघांचं मंडळ आहे. गणिताचे निवृत्त मास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरच्या दुकानातला शिंपी आणि मी. चौघांत छापून येते ती मी एकटी, आणि चौघांत चांगलं लिहितो तो शिंपी. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलून दाखवत नाही. दर शनिवारी दुपारी वाचनालयात मागच्या टेबलाशी आम्ही जमतो, आणि सुट्टीच्या आधी दीड महिना आमचा एक खेळ चालतो. तिथे रोज येणारा एक माणूस हेरायचा आणि चौघांनी मिळून त्याचं पात्र करायचं. त्यासाठी एक वही असते, ती चौघांत फिरते. नियम दोनच. पहिला, त्या माणसाशी बोलायचं नाही. "विचारलंत की माणूस उत्तर देतो, आणि उत्तर दिलं की पात्र मेलं," हे मास्तरांचं म्हणणं. दुसरा, वहीत एकदा लिहिलं ते खरं. पुढच्याने ते खोडायचं नाही, त्याच्यावरच पुढचं रचायचं. शेवटी त्या वहीतून मी गोष्ट करते आणि ती अंकात जाते.

यंदा आम्ही खिडकीजवळचे आजोबा घेतले होते.

सकाळी नऊला वाचनालय उघडलं की ते यायचे, संध्याकाळी सातला बंद होताना उठायचे. खिडकीखाली हीटर आहे, त्याच्या शेजारची खुर्ची त्यांची. दिवसभर एकच वर्तमानपत्र, आणि दुपारी खिशातून काढलेला पावाचा तुकडा. डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं, 'डाव्या बाजूने चावतात, उजवीकडे दाढा नाहीत.' मास्तरांनी लिहिलं, 'घड्याळाकडे पाहताना ओठ हलतात, म्हणजे वेळापत्रकं बनवण्याचं काम केलं असणार.' शिंप्याने एकच ओळ लिहिली, 'कोटाचं अस्तर स्वतःच्या हाताने शिवलंय, तीन वेळा.' त्या ओळीत सगळं होतं. माणसाच्या मागेपुढे कोणी नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगतात? पण मला घाई होती. अंकाचा विषय 'माया' होता आणि माझ्या पात्राला घरी न्यायला कोणीतरी हवं होतं.

मी त्यांना लेक दिली. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते. दरवर्षी सुट्टी लागली की गाडी घेऊन येते, मागच्या सीटवर घोंगडी अंथरलेली असते. वडील आडवे होऊन झोपतात आणि ती आख्ख्या रस्त्यात एकदाही हॉर्न वाजवत नाही. या हॉर्नवर तर मी बेहद्द खूश होते. नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने चष्मा काढून डोळे पुसले. वर म्हणाला, "आपली लेक मला स्टेशनपर्यंत सोडताना चार वेळा हॉर्न वाजवते." पण पुसले.

वाचनालय नऊ दिवस बंद राहणार होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे छापखान्याकडून आलेले कागद तपासत बसले होते. माझ्याच गोष्टीचे. शिपाईमामा एकेक हीटर बंद करत माझ्यापाशी आले.

"बाई, एक विचारू? ते खिडकीजवळचे आजोबा. कुठल्याशा लॉजवर खाट घेऊन राहतात, पण ती रात्रीपुरतीच. सकाळी बाहेर काढतात. आता नऊ दिवस इथे कुलूप. एवढ्या थंडीत दिवसभर जाणार कुठे हा माणूस? माझी बायको म्हणाली, आपली मागची खोली रिकामी आहे, घेऊन या त्यांना. पण मानी आहेत हो. कसं विचारावं कळत नाही."

मी कागदावरून मान वर केली नाही. "अहो, त्यांची लेक येते ना न्यायला," मी म्हटलं. "दरवर्षी येते."

खोटं बोलत होते असं नाही. खोटं बोलताना माणसाला कळतं तरी. माझ्यासमोर तीच ओळ होती, लेक गाडीतून उतरत होती, आणि दीड महिना ती वहीत खरी होती. "हां, मग काय प्रश्नच मिटला," शिपाईमामा म्हणाले. त्यांना बरं वाटलं. मला तर काही वाटलंच नाही, मी एक स्वल्पविराम काढत होते.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. शिपाईमामा होते. वाचनालयाबाहेर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा ओळखलंच नाही.

"बाई, त्यांच्या लेकीचा नंबर द्या. आजोबा दवाखान्यात आहेत."

"कुठली लेक?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला माझंच वाक्य ऐकू आलं, 'दरवर्षी येते' हे शेपूट लावलेलं. मी दाराची चौकट धरली.

शिपाईमामांनी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या संध्याकाळी दार लावताना ते आजोबांना म्हणाले होते, मजा आहे तुमची, लेक येतेय म्हणे न्यायला. आजोबांनी दोनदा विचारलं, कोण म्हणालं? "मी तुमचं नाव सांगितलं. लिहिणाऱ्या बाई आहेत, त्यांना फोनबिन आला असेल म्हटलं. मला काय माहीत? पार उजळले हो ते." दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा पिशवी भरून वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसले. तो दिवस, त्याच्या पुढचा दिवस, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराने आत बोलावलं, तरी लेक चुकामूक होऊन परत जाऊ नये म्हणून गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथेच कलंडले.

"मी नंबर शोधते," मी म्हटलं. शिपाईमामा निघून गेले. त्यांच्या तोंडावर खरं सांगायची माझी छाती झाली नाही, हे इथे लिहून टाकते.

मास्तरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वहीत त्या लेकीचं गाव लिहिलंय का?" सत्तर वर्षांचा शहाणा माणूस, आणि हे विचारतो! मी फोन आपटला. पण खरं सांगायचं तर फोन करायच्या आधी मीही वही चाळून बघितली होती.

नवऱ्याने गाडी काढली. रस्त्यात तो समोर बघत गाडी चालवत राहिला. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यात खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "तुम्ही ओळखता ना? बरं झालं. नाव सांगा."

मला नाव माहीत नव्हतं.

"वय? काही जुना आजार?"

"उजवीकडे दाढा नाहीत," मी म्हटलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "काम काय करायचे?" त्यांनी विचारलं, आणि 'वेळापत्रकं' हा शब्द माझ्या ओठांवर आला, तो मी गिळला. दीड महिना मी या माणसाकडे टक लावून बघत होते. त्यांच्या कोटाचे टाके मला पाठ होते. फॉर्मवर लिहिण्यासारखं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

"त्यांना शुद्ध नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"आहे की. पण कालपासून नावच सांगत नाहीत. लेक येईल, ती सगळं भरेल, एवढंच म्हणतात. तुम्ही तिच्याकडून आलात ना?"

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्यात मी एक वाक्य तयार केलं. 'आजोबा, मला कोणाचाही फोन आला नव्हता, मी चुकून बोलले, मला माफ करा.' साधं, सरळ वाक्य. घोकत घोकत वर गेले. नवरा दाराशीच थांबला. "तूच बोल," म्हणाला.

ते उशांना टेकून बसले होते. नाकाला नळी, छातीतून घरघर. कोट पायथ्याशी घडी करून ठेवलेला. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझं वाक्य राहूनच गेलं.

"तुम्हीच ना? लिहिणाऱ्या बाई. या, बसा. तुम्हाला फोन आला होता."

मी बसले.

"चौदा वर्षं झाली," ते म्हणाले. एकेका शब्दाला त्यांना दम लागत होता. "मीच म्हटलं होतं तिला, पुन्हा माझ्या दारात उभी राहू नकोस. तशी हट्टी आहे. नाही राहिली उभी. मग मीच घर सोडलं. तिला कसं कळलं असेल मी वाचनालयात येतो ते?" त्यांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. "रागात होती का?"

आता. आता सांगायचं होतं. देवाशपथ, मी तोंड उघडलं ते त्यासाठीच.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात रागात नव्हती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, सुट्टीत न्यायला येते. थंडीचं जपायला सांगा म्हणाली."

"आणखी?"

"जेवतात का वेळेवर, विचारत होती."

एकामागून एक वाक्यं येत होती, न अडखळता, पंचवीस वर्षांच्या सवयीने. मला माझी किळस येत होती आणि मी थांबू शकत नव्हते. ते एकेक शब्द ऐकत होते आणि मान हलवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"आवाज कसा वाटला तिचा?"

"छान," मी म्हटलं. "बारीक. गोड."

त्यांची मान हलायची थांबली. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला आणि कूस बदलून झोपला. आजोबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, एखादा हिशेब पुन्हा तपासावा तसं.

"तिचा आवाज घोगरा आहे," ते हळूच म्हणाले. "पाच वर्षांची असताना घशाचं दुखणं झालं होतं. वाचली, पण आवाज गेला तो गेलाच. शाळेत मुलं चिडवायची."

त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरताना मी पाहिलं, आणि त्यांनी ओरडावं, मला हाकलून द्यावं, निदान तोंड फिरवावं, असं मला मनापासून वाटलं. माझी मान खाली गेली.

माझ्या हातावर हात पडला. गरम, तापाने कोरडा.

"फोनवर बदलतो आवाज," ते म्हणाले. "होतं असं. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली. "काय आजोबा, भेटलं ना कोणीतरी? आता तरी नाव सांगता का?"

त्यांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, वय, सगळं. ती लिहीत गेली. मीही ऐकत होते, पहिल्यांदाच.

"जवळचे नातेवाईक?" तिने विचारलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कोणी नाही. तसंच लिहा."