साखरेआधीचा वास

साखर वास धरते. ज्या कंटेनरमधून ती जाते त्यात आधी काय भरलं होतं, ते महिनाभराच्या प्रवासात तिच्यात मुरतं. म्हणून बंदरामागच्या त्या यार्डात साखर भरण्याआधी प्रत्येक रिकामा कंटेनर हुंगायला एक माणूस नेमलेला होता. कागदावर ते तपासनीस होते. अख्खं यार्ड त्यांना नाकसाहेब म्हणे.

ते आत एकटे शिरत, बाहेरून दारं लावून घ्यायला सांगत आणि अंधारात उभे राहत. पत्र्यातून कुठून उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणीही येणार, आणि पाणी प्यायलेल्या साखरेचा दगड होतो. ठिपका नाही अशी खात्री पटली की तीन खोल श्वास घेत. मग बाहेर येऊन सांगत: मासळी, चामडं, रंग, खत. वास असला तर दारावर खडूची फुली. एकवीस वर्षांत त्यांनी पास केलेलं एकही पोतं परत आलं नव्हतं, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

त्यांची लेक त्याच यार्डात होती. कंटेनर झाडायचे, धुवायचे, सुकले की तळाला जाड कागद अंथरायचा. शब्द टाकून त्यांनीच तिला लावलं होतं आणि वर्षभरात हाताखाली घेतो म्हणाले होते. त्याला आठ वर्षं झाली. तिने विषय काढला की ते हसून म्हणत, नाक काही शिकवून येत नाही.

एका थंडीत त्यांना ताप आला आणि आठवड्यात उतरला. पुढच्या रविवारी सकाळी लेक पाणी भरून घरात आली तर दूध उतू जाऊन करपलं होतं, खोली धुराने भरलेली, आणि नाकसाहेब शेगडीला पाठ करून दोन हात अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसलेले. तिने शेगडी बंद केली. त्यांनी मागे वळून पातेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला काही विचारावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित येणारही नाही. तोवर काय करायचं हे बापलेकीने ठरवलं. झाडून झालं की ती तिथेच वास घेणार. कंटेनर चांगला असेल तर झाडू दाराला टेकवून उभा ठेवायचा, नसेल तर खाली आडवा, आणि कसला वास आहे ते जाता जाता हळूच त्यांच्या कानावर घालायचं. नाकसाहेब पूर्वीसारखेच आत जात, तीन श्वास घेत, बाहेर येऊन नाक पुसत. चौदा महिने कुणालाही पत्ता लागला नाही. या चौदा महिन्यांतही त्यांनी तिला हाताखाली घेण्याचं नाव काढलं नाही. तिच्या हाती खडू गेला तर आपली गरज उरणार नाही, अशी आता तर त्यांना भीतीच वाटत होती.

मग एके दुपारी तीन कंटेनरांपुढे तीन झाडू आडवे दिसले. नाकसाहेबांनी फुल्या मारल्या आणि मॅनेजरला जाऊन सांगितलं. जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं, दीड हजार पोती गोदामाच्या दाराशी येऊन थांबली होती आणि यार्डात दुसरे रिकामे कंटेनर नव्हते. मॅनेजर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. तो त्यांच्याबरोबर चालत आला, पहिल्या कंटेनरमध्ये शिरला आणि लगेच बाहेर आला.

"कसला वास येतोय तुम्हाला?" त्याने विचारलं.

झाडू आडवा म्हणजे वास आहे, एवढंच त्यांना कळत होतं. कसला, ते लेकीला विचारायला सवड मिळाली नव्हती. लेक वीस पावलांवर बादली घेऊन उभी होती. त्यांनी अंदाजाने सांगितलं, "डिझेलचा."

मॅनेजरने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "डांबरगोळ्यांचा आहे, नाकसाहेब. लोकरीची ब्लँकेटं आली होती यातून. माझ्यासारख्या सर्दीवाल्यालासुद्धा येतोय." मग आवाज न चढवता तो म्हणाला, "पास म्हणून सही करा. तुमच्या नाकाचं राहील माझ्यापाशी."

त्यांनी खिशातल्या रुमालाने तिन्ही फुल्या पुसल्या आणि सही केली.

अडीच महिन्यांनी साखर परत आली. ज्या बिस्किटांच्या कारखान्यात ती गेली होती त्यांनी दोन घाणे फेकून दिले होते. मालवाल्यांकडून दोघे चौकशीला आले. त्यांनी टेबलावर झाकणाच्या पाच बाटल्या मांडल्या आणि नाकसाहेबांना डोळे मिटून सांगायला लावलं. साबण, कॉफी, रॉकेल, लवंग, गुलाबपाणी. नाकसाहेबांनी पाचही चुकवल्या. तेव्हा मात्र त्यांनी होतं तसं सांगून टाकलं: नाक गेलंय हे खरं, पण फुल्या मी मारल्या होत्या, मॅनेजरने पुसायला लावल्या, आणि वास माझ्या लेकीने घेतला होता, तिला विचारा.

मॅनेजर म्हणाला, असं काही घडलेलं मला आठवत नाही. लेकीला बोलावलं. ती ओल्या हातांनी आली आणि दाराशीच उभी राहिली.

"मी झाडते फक्त," ती म्हणाली. "वासाचं मला काही कळत नाही."

हे बोलताना ती बाटल्यांकडे बघत होती. नाकसाहेबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. यार्डात त्यांच्या नावाचे विनोद आधीही होत. त्या दिवशी फाटकापर्यंत जाताना ते त्यांच्या देखत झाले.

तीन आठवड्यांनी लेकीला तपासनीस केलं. ती बातमी तिने स्वतःच सांगितली. नाकसाहेब जेवत होते. त्यांनी हात थांबवला.

"आधीच ठरलं होतं?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी बोलावलं होतं मॅनेजरसाहेबांनी. खरं बोललीस तर दोघंही जाल म्हणाले."

"खोटं बोललीस त्याचं काही नाही," नाकसाहेब म्हणाले. "एकदा माझ्याकडे बघायचं तरी होतंस."

"बघितलं असतं तर बोलता आलं नसतं," लेक म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही मला नऊ वर्षं झाडूच हातात दिलात. त्यांनी एका दिवसात खडू दिला."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं तुटलं. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरणं सोपं नसतं. तिला सांग साबण संपलाय, त्यांना सांग मला उशीर होईल, असं सगळं आईच्या तोंडून चालायचं. नाकसाहेब एका छापखान्याच्या फाटकावर बसू लागले. येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं, जाणाऱ्याचं खोडायचं. तिथे त्यांना सगळे काका म्हणत.

पाच-सहा महिने असेच गेले. एका संध्याकाळी लेक कामावरून आली, पण पिशवी खाली ठेवायची विसरून ती तशीच खुर्चीवर बसून राहिली. तिच्या बोटांना खडू होता आणि उजव्या बाहीलाही, काही पुसावं तसा. नाकसाहेबांनी ते पाहिलं. ते बायकोला म्हणाले, "तिला विचार, अजून 'नाही' म्हणता येतं का?"

"मी काय टपालखातं आहे?" बायको म्हणाली आणि पदराला हात पुसत आतल्या खोलीत निघून गेली.

लेकीने पिशवी खाली ठेवली. मग लेकीनेच उत्तर दिलं, त्यांच्याकडे बघून.

"आठवड्यातून एकदा येतं," ती म्हणाली. "बाकीचे दिवस सही करते."

नाकसाहेबांनी मान हलवली. त्यांना आता रागावता येत नव्हतं, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.