मानाची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण पलंगाशी माझी कधी ओळख झाली नाही. माझा आकार घोड्याच्या नालासारखा. प्रवासात बसल्या बसल्या डुलकी लागली की माणसाची मान लटकते. ती लटकू नये म्हणून मला गळ्याभोवती घालतात. माझ्या पोटात कापूस नाही. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे मणी आहेत, आणि ते एका जागी राहत नाहीत. मला कुठेही ठेवा, ते आपले सरकत असतात, कुजबुजत असतात. त्यामुळे कुणी मला अस्वस्थ म्हटलं तर मी रागावत नाही. माझा पिंडच तसा आहे.

माझा जन्म एका शिवणकारखान्यात झाला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेल्या एका बाईंनी माझी कड शिवली. माझ्यात मणी भरताना ते उडून सगळ्यांच्या केसांना चिकटायचे आणि जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींचे मणी वेचत हसायच्या. चष्मेवाल्या बाई प्रत्येक उशी आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघत. कोंबडीसारखी मान इकडे वळवायची, तिकडे वळवायची, आणि "जा बाई," म्हणून पुढे ढकलायचं. मलाही त्या "जा बाई" म्हणाल्या. मी निघाले.

पुढे माझ्या निळ्या अभ्र्यावर सोनेरी पक्षी भरला गेला. तो एका विमान कंपनीचा पक्षी होता. मला एका देखण्या खोक्यात बसवलं आणि वर एक जाड कार्ड ठेवलं, 'आमच्या मानाच्या प्रवाशास, वर्षअखेरीची सप्रेम भेट.' हा मानाचा प्रवासी कोण, ते मला काय ठाऊक! मी आत बसून वाट पाहत राहिले.

ज्या घरात मी पोचले तिथे दार आजोबांनी उघडलं. आयुष्यभर शहरातली बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता लेकीकडे राहत होते. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. तिचा नवरा इंजिनिअर. लांबलांबच्या कागद कारखान्यांत यंत्रं बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे त्याचं काम. त्यांची मुलगी बोलता बोलता स्वतःभोवती फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचं खरं नाव शाळेतच काय ते ऐकू येई.

खोकं इंजिनिअरच्या नावाचं होतं. त्याने ते कुठेही न फाडता सुरीने अलगद उघडलं. कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला गळ्यात घालून तो उभ्या उभ्याच घरभर एक फेरी मारून आला. त्याच्या गळ्याची नाडी मला लागत होती. तो खूश होता. त्याचंही बरोबर होतं. यंत्र चालू असलं की त्याची कुणाला आठवण येत नसे आणि बंद पडलं की सगळे त्याच्यावर ओरडत. नावापुढे 'मानाचे' असं त्याला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

आजोबा म्हणाले, मानाची म्हणजे मानेची असणार. भिंगरी हसत सुटली. तिची आई दवाखान्यात घालायचा पांढरा कोट इस्त्री करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तू वर्षभर किती घराबाहेर होतास, ते त्यांनी बरोबर लक्षात ठेवलंय," ती म्हणाली. "बक्षीस त्याचं आहे."

आवाज चढला नव्हता. इस्त्री तशीच पुढे गेली. आजोबांनी माझी बाजू घेतली. काही झालं तरी कुणीतरी बसून शिवलंय हे, असं ते म्हणाले. पण इंजिनिअरने मला गळ्यातून काढलं आणि त्याच्या बॅगेच्या मुठीला अडकवलं.

तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. ती बॅग कधी पूर्ण रिकामी होत नसे. चपलांच्या शेजारी ती कायम उभी, आणि भिंगरी शाळेला जाताना तिला ओलांडून जाई. मी किती विमानतळ पाहिले! सगळीकडे तसल्याच गार खुर्च्या, तसलीच काच. लोक मला दाबून बघत, कुठे मिळाली म्हणून विचारत. मी फुगून जाई. विमान कंपनीच्या खिडकीमागची मुलगी इंजिनिअरला नावाने हाक मारून 'या' म्हणे, तेव्हा त्याची मान आपोआप ताठ होई आणि मला काही कामच उरत नसे.

पण खरं सांगू? तो माझ्यावर झोपला असा कधीच नाही. त्याचा एक पाय सारखा हलायचा. फोन काढून तो बघायचा, सारखं उडणाऱ्यांना कंपनी देते ते आपलं सोनेरी कार्ड टिकेल ना, पायरी खाली तर येणार नाही ना. घरी आला तरी तेच. बसला की उठायचा, खिडकी उघडायचा, पुन्हा लावायचा. भिंगरी चित्र दाखवायला यायची. तो "वा!" म्हणायचा, पण डोळे फोनवर. ती चित्र घेऊन तशीच गर्रकन वळून जायची. माझ्या पोटातले मणी आणि त्याच्या डोक्यातले विचार, दोन्ही सारखेच. जागेवर ठरतील तर शपथ.

पुन्हा वर्षअखेर आली. शाळेला सुट्टी लागली, दवाखानाही बंद होता. आणि इंजिनिअरच्या फोनवर विमान कंपनीचा निरोप आला. वर्ष संपायच्या आत आणखी एकदा जाऊन आलात तर तुमचा मान कायम राहील, नाहीतर पायरी उतरेल. कारखान्यांत काम तर काहीच नव्हतं. तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. शेवटी घरात त्याने सांगितलं की एक यंत्र पाहून यायचंय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

भिंगरी म्हणाली, मलाही ने. तू जातोस ते ठिकाण मला बघायचंय. सोनेरी कार्डावर सोबतच्याचं एक तिकीट फुकट मिळत असे. त्याला नाही म्हणता येईना. आईने दोघांकडे पाहिलं आणि मुलीच्या पिशवीत बिस्किटं भरून दिली.

विमानात मी भिंगरीच्या गळ्यात होते. तिला मी एवढी मोठी होत होते की ती टबात बसल्यासारखी दिसत होती. विमान उतरलं तशी तिने बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या. कारखान्यात पाय घसरतात, हे तिने बाबाकडूनच ऐकलं होतं. पण बाबा बाहेरच्या दाराकडे वळलाच नाही. तो काचेजवळच्या खुर्चीवर बसला.

"मशीन कधी बघायचं?" तिने विचारलं.

"आज मशीन नाही."

"मग कुणाला भेटायचंय?"

"कुणालाच नाही."

ती फिरायची थांबली. मी तिच्या गळ्यात होते, म्हणून मला ते आधी कळलं. "मग आपण आलो कशाला?" ती म्हणाली.

तो सांगू लागला. सोनेरी कार्ड, चंदेरी कार्ड, वर्षभरात किती उडालं की काय मिळतं. सांगता सांगता मधेच थांबला. आपण काय बोलतोय ते बहुतेक त्याचं त्यालाच ऐकू आलं. मग त्याने तिला फळांचा रस आणून दिला. तो तिने हातात धरून ठेवला, प्यायली नाही. परतीच्या विमानाला बराच अवकाश होता. दोघं तिथेच बसून राहिले, आणि बाबाचा पाय एकसारखा हलत होता.

आपल्या शहरात उतरल्यावर त्याने फोन चालू केला आणि तो थरथरायला लागला. थांबेचना, एकामागून एक बायकोचे निरोप. फिरायला जायचं म्हणून आजोबा दुपारी बूट घालत होते, तेव्हाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. घरात लेक एकटी. खालच्या मजल्यावरच्या सुताराच्या मदतीने तिने त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवला होता आणि इस्पितळात नेलं होतं. नवऱ्याला ती फोन लावत होती, आणि तो ढगात होता.

आम्ही तडक इस्पितळात गेलो. आजोबांना टेकवून बसवलं होतं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मान धरत नव्हती. सारखी डावीकडे कलत होती, आणि लेक तळव्याने ती सावरून उभी होती. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. तिचा खांदा थरथरत होता.

"झालं काम?" तिने विचारलं.

भिंगरी म्हणाली, "काम नव्हतंच, आई. आम्ही तिथे बसलो आणि परत आलो."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ती ओरडली नाही. मग मोकळा हात तिने मुलीपुढे केला.

"ती उशी दे."

त्या दिवसापर्यंत तिने मला कधी हात लावला नव्हता. तिने मला आजोबांच्या गळ्याभोवती बसवलं, डावी बाजू जरा वर ओढली, आणि तळवा काढून घेतला. मान तिथेच राहिली. मित्रांनो, माणसाचं डोकं केवढं जड असतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर नुसत्या डुलक्या माझ्यावर पडल्या होत्या. माझे मणी त्या भाराखाली सरकले, एकमेकांना भिडले आणि थांबले.

"तू इथे बस," ती नवऱ्याला म्हणाली. "मी जरा तोंड धुऊन येते. मान कलली तर सरळ कर. आणि फोन माझ्याकडे दे."

त्याने फोन दिला. तो बसला. त्याचा पाय थोडा वेळ हलत होता. मग आजोबांची मान पुन्हा कलली, त्याने दोन्ही हातांनी ती सरळ केली, आणि त्यानंतर पायाकडे त्याचं लक्षच राहिलं नाही.

आजोबा घरी आले. इंजिनिअरने रजा घेतली. सासऱ्यांना भरवायचं, दाढी करून द्यायची, मला काढून मान पुसायची आणि पुन्हा मला चढवायचं, हे सगळं तो शिकला. एखादं यंत्र उघडून पुन्हा जोडायला लागावा, इतका वेळ त्याला पहिल्या दाढीला लागला. एका सकाळी बायको इस्त्री करत असताना तो आपणहून बोलला. तिथे विमानतळावर मला कुणीतरी नावाने ओळखायचं, त्याचीच चटक लागली, असं म्हणाला.

ती थोडा वेळ कोट उलटसुलट करत राहिली. "इथे आम्ही ओळखत होतो की," ती म्हणाली. मग जरा हळू, "पण दमलास का, असं मीही कधी विचारलं नाही."

एवढंच. एका दिवसात सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. कित्येक दिवस दोघं जपून, मोजकं बोलत होती. भिंगरीही बाबा बॅगेला हात लावताना दिसला की खोलीच्या दारात येऊन उभी राही.

त्या फेरीने त्याची पायरी मात्र टिकली होती. त्यामुळे पुन्हा एक देखणं खोकं घरी आलं. कुणी ते उघडेना. कपाटावर ते नुसतं पडून राहिलं. अखेर आजोबांनीच बोटाने खूण करून ते मागवलं. आत चहाचा थर्मास होता, चकचकीत. मला क्षणभर मत्सर वाटला, खोटं का बोलू?

आजोबांची जीभ अजून जड होती. शब्द शोधत ते बोलले. बसमधून उतरताना कुणी 'येतो' म्हटलं की दिवस बरा जायचा. तो माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बसने का जाईना. "दिलंय, तर घ्या," ते जावयाला म्हणाले. "चांगलं म्हणा. वापरा. पण त्याच्यासाठी जाऊ नका तुम्ही."

इंजिनिअर पुढेही विमानाने गेला, कामच तसं होतं. पण काम संपलं की जे विमान आधी मिळेल ते, मग त्यावर कुठलाही पक्षी असो. पायरी उतरली. पुढच्या वर्षअखेरीला खोकं आलं नाही. दाराची घंटा वाजली की तो तरीही चमकून बघायचा, मी पाहिलंय. सवय काही एकदम सुटत नाही.

आजोबा पुढे काही वर्षं जगले, आणि बसल्या बसल्या कुणी वाचून दाखवलेला पेपर ऐकताना शेवटपर्यंत मी त्यांच्या गळ्यात होते. ते गेल्यावर मला कपाटावर ठेवलं. तिथे धूळ बसली, शिवण उसवली, मणी गळू लागले. पक्ष्याचा एक पंख धुण्यातच गेला होता. आपले दिवस भरले असं मी धरून चालले. पण उंच झालेल्या भिंगरीला मी एकदा सापडले. तिने लाल दोऱ्याने मला शिवलं, वेडंवाकडं, आणि आई मला तिच्या दवाखान्यात घेऊन गेली.

आता मी तिथल्या खुर्चीवर असते. डोळ्यांत औषधाचे थेंब घातले की लोकांना मान मागे टाकून, डोळे मिटून बसावं लागतं. ते माझ्यावर रेलतात. कुणी घाबरलेलं असतं, कुणी कंटाळलेलं. कधी कधी इंजिनिअर बायकोला न्यायला येतो, वेळेच्या आधीच येतो, आणि रिकामी खुर्ची बघून टेकतो. त्याला झोप लागते. गाढ. तिचं काम आटोपतं, दिवे मालवायची वेळ होते, तरी ती त्याला लगेच उठवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशा कुणाकुणाच्या भेटी येत असतील. त्या खोक्यात कुजवू नका. आमचा पाठवणारा हिशेबी असेल, पण आम्हाला शिवणारे हात हिशेबी नव्हते. उसवलं तर टाका घाला, रंग जुळला नाही तरी चालेल. धुतलंत तर पिळू नका, सावलीत वाळवा. आणि ज्याने भेट पाठवली त्याचे आभार जरूर माना. फक्त त्या नादात घरी यायला उशीर करू नका.