पहिला दुधी

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ हाय. वाकडच्या ह्या सोसायटीतली शिकलीसवरली माणसं मला शालनमावशी म्हणत्यात, आन् दर रविवारी खुरपी घेऊन माझी बोलणी खायला येत्यात. पार्किंगच्या डोक्यावर मोठी गच्ची हाय, तिथं एकोणीस घरांनी वाफे केलेत. भाजीपाला कसा काढायचा ते मी शिकवते. जन्म शेतात गेला माझा, दुसरं येतंय काय मला?

त्यात स्वरूपा सगळ्यात नादिष्ट. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी पोरगी, कासारवाडीच्या दोन खोल्यांत वाढलेली. मातीत कधी बोट घातलं न्हवतं. पहिल्या दिवशी गांडूळ बघून किंचाळली. "अगं, ते खातंय का तुला?" म्हणून मी अशी हजेरी घेतली, की पुढच्या रविवारी बाई हातमोजे न घालता हजर! बी किती खोल टाकायचं, पाणी कधी तोडायचं, दुधीच्या मादीफुलाला संध्याकाळी नरफूल कसं टेकवायचं, विचारून विचारून डोकं खाल्लं माझं. पण वेल असा चढवला तिनं मांडवावर, की मलाच कौतुक वाटलं. बी माझ्या घरचं व्हतं, मागल्या साली धरलेलं.

वेलाला दोन दुधी लागले. पहिलं फळ आपण खायचं न्हाई, घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं, अशी आमच्याकडं रीत. तीबी मीच सांगितली तिला.

सोमवारी सकाळी गच्चीवर गेले, तर एक दुधी जाग्यावर न्हवता. म्हणलं, बरं झालं, काढला पोरीनं. दुसरा आणखी दोन दिवसांत जून झाला असता, म्हणून मीच कापला. देठाकडची पातळ चकती काढली आन् जिभेला लावली.

आई गं! कडूजहर!

थुंकले, नळाखाली तोंड धरून चुळा भरल्या, तरी जिभेवरचं जाईना. कारल्याचा कडूपणा निराळा. दुधी कडू निघाला तर ते विषच, धडधाकट माणूस जातो त्यानं. सोसायटीला लागून माझं जुनं घर हाय, त्याच्यामागच्या पडीक जागेत कडू भोपळ्याचा रानवेल माजलाय. किड्यांनी मागल्या साली तिथला पराग माझ्या वेलावर आणला असणार, आन् मी तेच बी वाटत बसले. पहिला दुधी कुठं गेला?

लिफ्टनं नवव्या मजल्यावर गेले. स्वरूपानं दार उघडलं ते हसतच.

"मावशी, पहिला दुधी बाबांना दिला! सकाळी रस काढून दिला. एका दमात प्यायले. म्हणाले, गोड आहे अगदी!"

माझा जीव भांड्यात पडला. दाराला टेकून उभी राहिले. आन् मग वाटलं, एका वेलाची दोन फळं, एक गोड आन् एक जहर? असं कधी असतंय का?

तेवढ्यात आतून ओकारीचा आवाज आला.

"बाबांना पित्त झालंय जरा," स्वरूपा म्हणाली. "आता लिंबू-पाणी देते."

मी तिला बाजूला सारून आत घुसले. तिचे वडील रंगराव बेसिनला धरून वाकले व्हते. बीडकडचा माणूस, चाकणच्या कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीन चालवलेला, हाडापेरानं दणकट. त्यांचे पाय लटलट कापत व्हते, आन् बेसिनात रक्त व्हतं.

"रंगराव, खरं सांगा. कडू व्हता का न्हाई?"

स्वरूपा लिंबू कापायला गेली व्हती. त्यांनी आधी दाराकडं बघितलं.

"लई कडू होता ताई. पण लेकरू समोर उभं होतं, माझ्या तोंडाकडं बघत. पहिल्यांदा काही पिकवलं तिनं. तोंड वाकडं कसं करावं? तिला सांगू नका."

अरे देवा! काय म्हणावं ह्या माणसाला? डोकंच फिरलं माझं.

"स्वरूपा, गाडी काढ! आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? स्वरूपा म्हणाली, "दुधीचा रस, पण गोड होता, बाबांनी स्वतः सांगितलं..."

"कडू व्हता," मी म्हणलं. "त्याच वेलाचा दुसरा मी चाखलाय. आन् ह्यांनी भरला ग्लास संपवलाय."

स्वरूपानं बापाकडं बघितलं. रंगरावांनी मान फिरवली. डॉक्टर त्यांना लगेच आत घेऊन गेला. बीपी खाली गेलं व्हतं, पोटात रक्तस्राव सुरू व्हता. नंतर बाहेर येऊन म्हणाला, ह्यावर उतारा असा न्हाई, सलाईन, रक्त देऊ आन् वाट बघू.

मी वाफेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओरडून बोलका मेसेज टाकला, दुधी कुणीबी तोंडाला लावू नका, सगळे वेल उपटा. स्वरूपा बाकावर पुतळा होऊन बसली व्हती. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी रंगरावांचा धोका टळला. मला आत सोडलं तवा स्वरूपा त्यांचा हात धरून बसली व्हती. चेहरा नुसता उतरलेला. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"मावशी, तुम्ही तो दुसरा दुधी का चाखला?"

"म्हंजे?"

"म्हणजे संशय आला होता का काही?"

"न्हाई गं. चाखतेच की मी. दुधी कापला की देठाकडची चकती जिभेला लावायची. काकडीचं, दोडक्याचंबी तसंच."

"नेहमी?"

"हां. सासूबी तसंच करायची, आईबी."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?" तिचा आवाज फुटला. "सहा महिने मी तुम्हाला सगळं विचारत होते. सगळं! हे एवढंच का नाही सांगितलं?"

मला कुणी बोललं तर मी दोन शब्द जास्तीचेच सुनावते. त्या दिवशी मी स्टूल ओढलं आन् तिच्यासमोर बसले.

"हे सांगावं लागतंय, हेच मला म्हाईत न्हवतं पोरी," मी म्हणलं.

तिनं बापाचा हात सोडला न्हाई, आन् माझ्याकडं बघितलंबी न्हाई.