पावाच्या कडा

तोकुजी काढायचे कमी आणि पुसायचे जास्त. उभी हयात कानाझावाच्या बाजारातले वजनकाटे तपासण्यात गेलेली. केसाएवढा फरकही डोळ्यांत खुपायचा. निवृत्तीनंतर ते मंगळवारच्या चित्रवर्गाला जाऊ लागले. तिथला नियम एकच: रोज घरातली एक वस्तू समोर ठेवायची आणि कोळशानं एक कागद भरायचा. चप्पल, मुळा, भातवाढणी, काहीही. तोकुजींनी तीन वर्षांत हजारावर कागद भरले, त्यातले निम्मे एकट्या किटलीचे.

कोळसा पुसायला पावाचा मऊ गर लागतो. चिमटीत मळून गोळी करायची आणि हलकेच टेकवायची. रोज दोन कापांचा गर तोकुजींच्या बोटांत जायचा, आणि आठ कडा त्यांच्या बायकोच्या, सावाकोच्या, बशीत.

"अहो, तीन वर्षं कडाच चावतेय मी."

"अगं, कडांनी दात मजबूत होतात."

"वरचे तर माझे नाहीतच. ते कुणासाठी मजबूत करू?"

मार्चमध्ये नगरभवनाच्या भिंतीवर वर्गातली बारा चित्रं लागायची. वर्गात माणसं चौदा. म्हणजे दरवर्षी दोघंच गळायची. एक कोण ते बदलायचं, दुसरे तोकुजी.

"यंदा नाही लागलं तर कोळसा बंद," त्यांनी जाहीर केलं.

सावाकोनं लगेच हिशेब केला. कोळसा बंद म्हणजे हा माणूस दिवसभर स्वयंपाकघरात, तिच्या सूपमधलं मीठ तपासत.

चित्र द्यायच्या दिवशी सकाळी किटली जवळजवळ झाली होती. पोटावरची चमक फक्त जराशी डावीकडे हवी होती. तोकुजींनी गोळी टेकवली. काळं निघायच्या ऐवजी फरफटलं आणि चकाकायला लागलं. दुसऱ्या गोळीनं डाग दुप्पट झाला. तिसरी त्यांनी नाकाशी नेली.

"सावाको! हा कुठला पाव?"

"नव्या दुकानातला, लोण्याचा. कडाच खायच्यात, तर म्हटलं चांगल्या तरी खाव्यात." मग तिनं कागद बघितला. "अगंबाई. थांबा, साधा घेऊन येते."

"दुकान दहाला उघडतं. वर्गही दहालाच."

तोकुजींनी नवा कागद लावला. किटलीकडे बघवेना. समोर सावाकोची बशी होती. तिनं हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

"आता कडासुद्धा नाहीत का मला?"

"अर्धा तास."

पुसायची सोय नव्हती. त्यामुळे प्रत्येक रेघेआधी ते थांबले, बघितलं, पुन्हा बघितलं. काटा थरथरायचा थांबल्याशिवाय वजन वाचायचं नाही, हे त्यांनी जन्मभर दुकानदारांना दरडावून सांगितलं होतं. स्वतःला सांगायची ही पहिलीच वेळ. बशी डावीकडे थोडी फुगली. फुगू दिली.

वर्गात शिकवणाऱ्या कुवाबाराबाईंनी कागद हातभर लांब धरला.

"बशी फुगलीय."

"हो, बाई."

"पुसली नाहीत? तुम्ही?"

"पुसायला काही नव्हतं."

"आणि किटली?"

"ती लोण्यात गेली."

बाई हसल्या नाहीत. कागद मात्र त्यांनी डाव्या गठ्ठ्यावर ठेवला. उजव्या गठ्ठ्यात दोनच कागद होते, हे तोकुजींनी तीनदा मोजून घेतलं.

मार्चमध्ये सावाको भिंतीसमोर उभी राहिली. चित्राच्या अगदी जवळ जाऊन तिनं बोटानं हवेत मोजलं.

"अहो, सातच कडा? दोन कापांच्या आठ होतात."

"एक तू खाल्लीस. मी कोळशाला टोक काढत होतो तेव्हा."

"बघत होतात होय?" ती लाजली. "मग बोलला का नाहीत?"

"ती अजून कागदावर आली नव्हती."

परतताना त्यांनी दोन पाव घेतले. साधा तोकुजींच्या बोटांसाठी. लोण्याचा सावाकोसाठी, गरासकट.